ड्रेसिंगच्या वीस मिनिटांत लक्ष कुठे असतं?

मंडळी, भाजलेल्या माणसाच्या वेदनेची दोन रूपं असतात. एक चोवीस तास आत ठसठसत राहणारं. वेळेवर दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांनी त्याला बऱ्यापैकी आवर घालता येतो. दुसरं रूप उसळतं ते ड्रेसिंग बदलताना. डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभं केलेलं जग दाखवणाऱ्या व्हीआरने, म्हणजे आभासी वास्तवाने, ते कसं हलकं करता येईल, याबद्दल आज आपण बोलणार आहोत.

ड्रेसिंगला एवढं का दुखतं, हे आधी पाहू. जखमेतून झिरपलेला द्रव गॉजच्या जाळीत सुकतो आणि गॉज जखमेला धरून बसतं. सलाईन ओतून कितीही भिजवलं तरी सुटताना ते नवी आलेली नाजूक त्वचा थोडीफार ओढतंच. मग कालचं मलम पुसायचं, मेलेली कातडी काढायची, जखम धुवायची, नवं मलम लावायचं. सेकंड डिग्रीच्या भाजण्यात त्वचेचा वरचा थर गेलेला असतो, पण खालची मज्जातंतूंची टोकं जिवंत आणि उघडी राहिलेली असतात. म्हणून वरवर ‘फार खोल नाही’ असं दिसणारं भाजणंच पुष्कळदा ड्रेसिंगला जास्त दुखतं. हे एकदाच करून भागत नाही; रोज किंवा दिवसाआड, कित्येक आठवडे करावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या ड्रेसिंगपर्यंत ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला, की मूल आक्रसून जातं. हात लागायच्या आधीच ही भीती वेदनेत भर घालून ठेवते.

यावर मॉर्फिन, फेंटानिल, केटामिन ही औषधं आहेत आणि ती लागतातच. अडचण वेळेच्या हिशेबात आहे. ड्रेसिंगमधल्या सगळ्यात वाईट दोन मिनिटांच्या मापाने डोस दिला, तर ती दोन मिनिटं सरतात, दुखणं खाली येतं आणि औषध मात्र अंगात तसंच उरतं. माणूस गुंगीत राहतो, श्वास मंदावतो, जेवण राहतं, दुपारचा व्यायाम राहतो. बद्धकोष्ठ आणि खाज वेगळीच. डोस सरासरी वेदनेच्या मापाने दिला, तर ती दोन मिनिटं उघडी पडतात. व्हीआरची जागा या फटीत आहे. डोळ्यांवरून हेडसेट काढला की त्याचा परिणाम संपतो. मागे गुंगी उरत नाही.

ही पद्धत पहिल्यांदा नीट तपासली गेली ती अमेरिकेत, सिएटलच्या हार्बरव्ह्यू मेडिकल सेंटरच्या बर्न युनिटमध्ये. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. एकाच मुलाच्या जखमेवर काम चालू असताना काही मिनिटं साधा व्हिडिओ गेम आणि काही मिनिटं व्हीआर, अशी ती तुलना होती. व्हीआरमधली वेदना स्पष्टपणे कमी होती. लक्षात घ्या, त्या वेळी वापरलेला प्रोग्राम वेदनेसाठी केलेलाच नव्हता. कोळ्याची भीती घालवण्याच्या उपचारांसाठी तो तयार केला होता. भाजलेल्या रुग्णांसाठी म्हणून ‘स्नोवर्ल्ड’ त्यानंतर आला. बर्फाच्या दरीतून आपण संथपणे तरंगत जातो आणि हिममानव, पेंग्विन, मॅमथ यांच्यावर बर्फाचे गोळे फेकतो. याहून जास्त काही त्यात नाही.

बर्फ निवडला तो आगीच्या उलट म्हणून, आणि ती निवड चांगलीच आहे. पण खरं काम थंडाव्याच्या कल्पनेपेक्षा दुसरीच एक गोष्ट करते. ती समजली नाही, तर महागडा हेडसेट आणूनही वॉर्डात काही घडत नाही.

वेदना म्हणजे जखमेतून मेंदूत आलेली तार नव्हे. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत येणारे संदेश तिथेच कमी-जास्त होतात आणि वरून मेंदूही त्यावर हुकमत चालवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातले तपशील पुढे बदलले, पण मुख्य गोष्ट टिकली: मेंदू वेदनेकडे किती लक्ष देतो, यावर ती किती जाणवते हे बऱ्याच अंशी ठरतं. आणि आपलं लक्ष मोजकंच असतं. समोर एक अख्खं जग असेल, मान वळवली की तेही वळत असेल, त्यात काही नेम धरून करायचं असेल, तर बरंचसं लक्ष तिकडे खर्च होतं. जखमेच्या वाट्याला उरतं ते थोडं. शिवाय डोळे झाकलेले असल्यामुळे चिमटा, कात्री, रक्ताळलेलं गॉज हे काहीच दिसत नाही. जखमेकडे बघण्याने वाढणारं दुखणं तिथेच तुटतं.

२००४ साली हॉफमन यांच्याच गटाने एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय हे दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, हे पाहिलं. निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला दुखेल इतकी उष्णता दिली आणि मेंदूतल्या वेदनेशी संबंधित पाच भागांमधली हालचाल मोजली: अँटेरियर सिंग्युलेट, इन्सुला, थॅलॅमस आणि संवेदनांची दोन क्षेत्रं. व्हीआर चालू असताना पाचही भागांत ती ठळकपणे घटली. एमआरआयच्या चुंबकाजवळ धातू चालत नाही, म्हणून त्यासाठी काचतंतूंवर चालणारा वेगळा चष्मा बनवावा लागला होता. २००७ साली त्यांनी ओपिऑइड (मॉर्फिन, फेंटानिल या जातीचं औषध) आणि व्हीआर वेगवेगळे आणि एकत्र तपासले. औषध आणि व्हीआर मिळून जेवढा आराम पडला, तेवढा नुसत्या औषधाने पडला नाही. आपल्या दृष्टीने हा निष्कर्ष सगळ्यात कामाचा आहे. व्हीआर लावलं म्हणून औषध कापायचं नाही. दोन्ही द्यायचं, आराम मोजायचा, आणि पुढच्या खेपेला डोस कमी करता येतो का, हे डॉक्टरांनी त्या मोजमापावरून ठरवायचं.

पुराव्याबद्दल सरळ बोललं पाहिजे. मुलांच्या तीव्र वेदनेवरच्या व्हीआरचा कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, २०२० साली आला. त्यात १७ चाचण्या आणि १००८ मुलं होती. चाचण्या लहान होत्या, प्रत्येकीची पद्धत वेगळी होती, आणि हेडसेट घातलेला रुग्ण ‘मला काय दिलंय’ हे ओळखणारच, त्यामुळे आंधळी चाचणी करता येत नाही. म्हणून पुराव्याची खात्री कमी, असा निवाडा झाला. तो योग्य आहे. व्हीआरने दर वेळी, प्रत्येकाची वेदना कमी होते असं कुणी सांगत असेल, तर ऐकू नका. त्याच वेळी हेही पाहा, की एकाच रुग्णावर दोन्ही परिस्थिती तपासणाऱ्या अभ्यासांत फरक पुन्हा पुन्हा दिसला आहे. २००० सालच्याच आणखी एका अभ्यासात सांधे ताणण्याचा व्यायाम करणारे भाजलेले १२ रुग्ण होते, तर २०११ सालच्या एका अभ्यासात युद्धात भाजलेले १२ अमेरिकी सैनिक. त्या सैनिकांसाठी चष्मा डोक्याला न बांधता यांत्रिक बाहूवर डोळ्यांपुढे धरला होता. चेहरा किंवा डोक्याची त्वचा भाजली असेल, तर पट्टा आवळता येत नाही. त्यावर हा चांगला तोडगा आहे.

आता वॉर्डात काय करायचं ते. पहिला प्रश्न हेडसेटच्या दर्जाचा. २००६ साली एकच जग दोन प्रकारच्या हेल्मेटमधून दाखवून पाहिलं गेलं. एकाचं दृष्टिक्षेत्र साधारण ६० अंशांचं होतं, दुसऱ्याचं ३५ अंशांचं. रुंद दृश्याने जास्त आराम दिला. आजचे स्वतंत्र चालणारे हेडसेट या दोन्हींपेक्षा रुंद आहेत, म्हणून साधं मॉडेलही पुरतं. फोन घालायच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात मात्र कडेने उजेड शिरतो, फोन तापतो आणि दृश्य मानेच्या हालचालीमागे रेंगाळतं. रक्त काढण्याच्या दोन मिनिटांसाठी तो चालेल, वीस मिनिटांच्या ड्रेसिंगला नाही. दुसरी गोष्ट, नुसता व्हिडिओ लावू नका. धबधब्याचं ३६० अंशांचं सुंदर चित्रण लोक कौतुकाने दाखवतात, पण त्यात रुग्णाला करायला काहीच नसतं. पाचव्या मिनिटाला लक्ष जखमेकडे परत येतं. काहीतरी नेम धरायचं, टिपायचं, शोधायचं हवं.

खेळ निवडताना पाहायची गोष्ट म्हणजे मळमळ. डोळे सांगतात आपण धावतोय आणि कानातला तोल सांगतो आपण पडून आहोत. या भांडणातून ती होते. आधीच ओपिऑइडमुळे ढवळत असलेल्या रुग्णाला हे सोसवत नाही. म्हणून स्नोवर्ल्डसारखी ठरलेल्या वाटेने, एकाच मंद गतीने जाणारी रचना चांगली. किंवा बसल्या जागी खेळता येईल असं काही. जॉयस्टिकची कांडी पुढे ढकलून चालायचे, धावायचे, उड्या मारायचे खेळ बाद. चित्र अडखळायला लागलं तरी मळमळ होते, म्हणून मागे दुसरी अॅप्स चालू ठेवू नका.

एक अडचण बहुतेक ठिकाणी येते आणि तिचं कारण पटकन सापडत नाही. रुग्ण आडवा झाला, की खेळ जमिनीवर राहतो आणि त्याला दिसतं नुसतं आभाळ. आडवं झाल्यावरच ‘समोर’ कुठे ते नव्याने ठरवायचं. काही अॅप्समध्ये पडून खेळायची सोय असते, ती आधी तपासा. त्यानंतरही चित्र मध्येच थिजत असेल तर छताकडे पाहा. हे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहून आपली जागा ओळखतात. वर सपाट पांढरं छत असलं, की त्यांना धरायला खूणच मिळत नाही. छतावर चार-पाच ठिकाणी रंगीत चिकटपट्टीच्या वेगवेगळ्या आकाराच्या खुणा केल्या की बहुधा प्रश्न सुटतो. ‘मुलाला शांत वाटावं’ म्हणून खोलीतले दिवे मालवले तरी हेच होतं. दिवे चालू ठेवा, रुग्णाला ते दिसत नाहीतच.

हात भाजलेला असेल तर? कंट्रोलर धरता येत नाही. हाताची हालचाल ओळखणारी सोयही चालत नाही, कारण कॅमेऱ्याला उघडी बोटं ओळखता येतात, बँडेजमधला हात नाही. अशा वेळी नजरेने किंवा मानेने नेम धरणारा खेळ हवा, किंवा बऱ्या हातात एकच बटण. आणि भाजलेल्या मानेची त्वचा ओढली जात असेल, तर मान फारशी वळवावी लागणार नाही असा खेळ हवा. खरेदीच्या आधी हे सगळं विचारा. नंतर कळतं, तोपर्यंत डबा कपाटात गेलेला असतो.

कुणाला लावायचा नाही, हे ठळक अक्षरांत भिंतीवर हवं. चेहरा, पापण्या किंवा कान भाजलेले, डोळ्यांचा संसर्ग, डोक्याला मार, झटक्यांचा, विशेषतः उजेडाच्या लुकलुकण्याने येणाऱ्या झटक्यांचा इतिहास, चक्कर किंवा उलट्या चालू असणं, भ्रमात असलेला रुग्ण. शरीरात पेसमेकर किंवा दुसरं विद्युत उपकरण असेल, तर निर्मात्याची सूचना वाचल्याशिवाय नको, कारण काही भागांत चुंबक असतात. वयाची मर्यादाही प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. आंघोळीच्या कढत पाण्याने, चहाने भाजलेली दोन-तीन वर्षांची मुलं आपल्या वॉर्डांत फार असतात, आणि हेडसेट त्यांच्यासाठी नाही. त्यांच्या डोक्याला तो बसत नाही, दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांशी जुळत नाही, आणि अचानक सगळं दिसेनासं झालं की ती आणखी घाबरतात. तिथे आईची मांडी, हातात धरलेला टॅब्लेट, साबणाचे फुगे आणि पुरेसं औषध हाच मार्ग.

संसर्गाचा मुद्दा बर्न वॉर्डात सगळ्यात कडक. स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू एका खाटेवरून दुसरीकडे जायला फक्त वाट शोधत असतात, आणि हेडसेटच्या कडेचा घाम शोषणारा फोम ही त्यांची उत्तम वाट. फोम काढून टाका, त्या जागी धुता येणारं सिलिकॉनचं आवरण लावा. डोक्यावर ऑपरेशन थिएटरची कागदी टोपी, डोळ्यांभोवती एकदाच वापरायचा मास्क, मग हेडसेट. कंट्रोलर पारदर्शक पिशवीत. वापर झाल्यावर जंतुनाशक वाइपने बाहेरचे सगळे भाग पुसा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत ते ओले राहू द्या. पुसून लगेच कोरडं केलं तर जंतू मरत नाहीत. भिंगांना मात्र अल्कोहोल लावायचं नाही, त्यांचा लेप निघतो आणि चित्र कायमचं धूसर होतं. त्यांना कोरडं मायक्रोफायबर. औषधांना न जुमानणारे जंतू असलेल्या रुग्णाचा नंबर दिवसाच्या शेवटी.

प्रत्यक्ष ड्रेसिंगला दोन माणसं लागतात. ज्या सिस्टरच्या हातात निर्जंतुक मोजे आहेत, तिने हेडसेटला हात लावायचाच नाही. हेडसेट दुसऱ्या माणसाचा: फिजिओथेरपिस्ट, शिकवून तयार केलेल्या वॉर्डातल्या मावशी किंवा मामा, कुणीही. आदल्या दिवशी, जखमेला हात न लावता, रुग्णाला पाच मिनिटं खेळू द्या. पहिल्यांदाच घालायचा आणि त्याच क्षणी पट्टी ओढायची, असं केलं तर मूल हेडसेटलाच घाबरायला लागतं. मेनू आणि सूचना इंग्रजीत असतात. गावाकडच्या मुलाला किंवा आजीला त्या वाचता येत नाहीत, म्हणून खेळ आधीच सुरू करून द्या आणि काय करायचं ते मराठीत, दोन वाक्यांत सांगा. हेडसेट इंटरनेटला जोडलेला ठेवू नका, नाहीतर नेमक्या वेळी अपडेटची पाटी डोळ्यांसमोर येते. बॅटरी जेमतेम दोन-अडीच तास टिकते. सकाळच्या पाच ड्रेसिंगना एका चार्जवर भरवसा ठेवू नका.

औषधाची वेळ हेडसेटशी जुळवा. तोंडाने दिलेल्या मॉर्फिनला पाऊण ते एक तास लागतो, शिरेतून दिलेल्या फेंटानिलला काही मिनिटं. औषध चढलं, हेडसेट घातला, दोन-तीन मिनिटं खेळ रंगू दिला, मग पहिलं बँडेज सोडा. चिकटलेलं गॉज आणि मेलेली कातडी हा सगळ्यात दुखरा भाग खेळ ऐन भरात असताना घ्या.

आणि इथे एक धोका आहे, त्याकडे फार लक्ष द्या. हेडसेटने रुग्णाचा चेहरा झाकला जातो. कपाळावरची आठी दिसत नाही आणि गुंगीने मिटलेले डोळेही दिसत नाहीत. ओपिऑइड दिलेल्या रुग्णाच्या बोटावर ऑक्सिमीटर असलाच पाहिजे आणि छाती किती वेळा वर-खाली होते, हे कुणीतरी मोजत राहिलं पाहिजे. हेडसेटमधलं दृश्य शेजारच्या टॅब्लेटवर दिसेल अशी सोय बहुतेक कंपन्या देतात. त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटला न जोडलेला छोटा राउटर ठेवा, म्हणजे अपडेटही येत नाहीत. पडद्यावर गोळे फेकणं थांबलं तर थांबून पाहा: एक तर झोप लागतेय, नाहीतर वेदना खेळाच्या वर गेलीय. दोन्हींत हात थांबवणं भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते मात्र आपल्या प्रेमळ सवयीने. ‘दुखतंय का गं?’ असं दर मिनिटाला विचारलं, की मेंदू उत्तर शोधायला जखमेकडे जातो. त्याऐवजी ‘किती पेंग्विन झाले?’ विचारा. खोलीतल्या सगळ्यांनी गप्पा आवराव्यात, नातेवाइकांना आधी समजावून सांगावं. पण फसवायचं नाही. हात वर केला की थांबायचं, ही खूण आधी ठरवा आणि खरोखर थांबा. काही रुग्णांना, मोठ्यांपैकी जास्त जणांना, जखमेकडे बघत राहायचं असतं. काय चाललंय ते दिसलं तरच त्यांना धीर येतो. त्यांना हेडसेटचा आग्रह करू नका.

शेवटची गाठ बांधल्यावर लगेच हेडसेट ओढून काढू नका. आणखी एक-दोन मिनिटं खेळू द्या, मग पाठीमागून पट्टा सैल करून, सांगून काढा. लगेच उठवू नका, तोल जातो. त्यानंतर चार आकडे विचारायचे, शून्य ते दहा: सगळ्यात जास्त किती दुखलं, किती वेळ दुखण्याचाच विचार मनात होता, किती नकोसं वाटलं, मळमळ किती. लहान मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची पट्टी दाखवा. हेडसेट न लावलेल्या ड्रेसिंगचे आकडे त्याच कागदावर, औषधाच्या डोसासकट. दोन गुणांची किंवा साधारण ३० टक्क्यांची घट झाली, तर रुग्णाला जाणवण्याजोगा फरक पडला असं धरतात. तीन ड्रेसिंगनंतरही ती दिसली नाही, तर त्या रुग्णासाठी खेळ बदला. तरीही नाही, तर हेडसेट बाजूला ठेवून औषधाची योजना पुन्हा तपासा. आणि पुसलेला हेडसेट चार्जिंगला ठेवताना भिंगं खिडकीकडे करू नका. त्यांतून एकवटलेलं ऊन आतला पडदा काही क्षणांत जाळतं.